दुखणें पुन्हां परतूं नये म्हणून
(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेंत धर्मगुरूंनीं केलेलें भाषण)



आपल्या धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त ही जी तीन दिवसांची व्याख्यानमाला योजिली आहे, तींतील शेवटचें व्याख्यान मीं द्यावें असा उत्सवमंडळाचा आग्रह पडला. विषय मात्र मंडळानें माझ्यावरच सोंपविला. अशा मंगल प्रसंगीं धर्मगुरूनें गेल्या पन्नास वर्षांचा इतिहास सांगावा, आपल्या आधीं येथें सेवा करून गेलेल्या धर्मगुरूंची स्मृति जागवावी, दात्यांचे आभार मानावे, अशीच सर्वांची अपेक्षा असणार, व ती रास्तही आहे. परंतु तें काम स्मरणिकेच्या इतर लेखकांनीं अंगावर घेतलें आहे व तीं मंडळी तें माझ्यापेक्षां चांगलें करतील. मी आज अशा एका दुखण्याविषयीं बोलणार आहें, कीं जें आपल्या पुष्कळ घरांत आहे, पण ज्याचें नांव आपण घरांतसुद्धां हळू आवाजांत घेतों. तें दुखणें म्हणजे विषादरोग. ज्याला हल्लीं लहानथोर सर्वच डिप्रेशन म्हणतात. त्यांतही माझा विषय एवढाच आहे, कीं हें दुखणें एकदां बरें झाल्यावर पुन्हां परत येऊं नये म्हणून मनुष्याला काय करतां येतें, आणि त्यांत बोलण्याचा उपयोग काय.

हा विषय महोत्सवाला शोभत नाहीं असें कोणास वाटलें, तर त्यानें 'जुबिली' या शब्दाचें मूळ आठवावें. तें जुन्या करारांतील लेवीय पुस्तकांत आहे. पन्नासावें वर्ष आलें कीं देशभर शिंग फुंकावें, आणि ज्याची वडिलार्जित जमीन अडचणीपायीं दुसऱ्याकडे गेली असेल त्यानें आपल्या जमिनीवर परत यावें, असा तो नियम होता. ज्याला विषादानें घेरलें आहे त्याचीही जमीन अशीच जात असते. झोंप जाते, भूक जाते, कामावरचें लक्ष जातें, मुलांबाळांविषयींची ओढसुद्धां जाते. औषधानें, काळानें, आप्तांच्या मायेनें एके दिवशीं ती जमीन परत मिळते. त्यानंतर प्रश्न उरतो तो बांधाचा. ती पुन्हां हातची जाऊं नये म्हणून बांध कोणीं घालावा, आणि केव्हां घालावा?

हें मी नुसतें पुस्तकांतलें सांगत नाहीं. आज मी पंचावन्न वर्षांचा आहें, आणि हा रोग मला दोनदां झालेला आहे. आपणांपैकीं फार थोड्यांना हें ठाऊक आहे. आज सर्वांसच ठाऊक व्हावें असें मला वाटतें. पहिल्या वेळीं मी त्रेचाळीस वर्षांचा होतों व दुसऱ्या एका धर्मग्रामांत होतों. माझी आई वारली होती, व लोकांना वाटलें कीं फादर आईच्या दुःखांत आहेत. मलाही तसेंच वाटलें. पुढें वेदीवर उभें राहणेंही कठीण झालें, तेव्हां डॉक्टरांकडे गेलों. गोळ्यांनीं गुण आला. आठ महिन्यांनीं मला पूर्ण बरें वाटूं लागलें, आणि कोणासही न विचारतां मीं गोळ्या बंद केल्या. वर देवाचे आभार मानले कीं संकट टळलें.

तें टळलेलें नव्हतें. तीन वर्षांनीं तें परत आलें, आणि या वेळीं कोणी वारलें नव्हतें. लग्नाच्या नोंदवहींत माझ्या हातून एका नांवाची चूक झाली, आणि त्या कुटुंबांतील एक गृहस्थ चारचौघांत मला टाकून बोलले. एवढेंच कारण! त्या रात्रीं मला झोंप आली नाहीं. आठवड्याभरांत मी मनाशीं म्हणूं लागलों, कीं मी निरुपयोगी धर्मगुरु आहें, माझी दीक्षाच चूक होती. महिन्याभरांत मी पूर्वींच्याच खड्ड्यांत होतों, आणि या वेळीं तो अधिक खोल होता. त्या खेपेस डॉक्टरांनीं गोळ्यांबरोबरच मला मुंबईंतील एका मानसोपचारतज्ज्ञ बाईंकडे धाडलें. सोळा आठवडे दर गुरुवारीं मी लोकलनें त्यांच्याकडे जात असें. त्यानंतर नऊ वर्षें गेलीं. दुखणें दोनदां दारापर्यंत आलें, पण आंत आलें नाहीं. पुढें येणारच नाहीं असें मी म्हणत नाहीं. परंतु दारावरची त्याची थाप मला आतां ओळखतां येते.

आतां या रोगाची रीत थोडक्यांत सांगतों. पहिल्यांदां विषादांतून बरे झालेल्यांपैकीं सुमारें निम्म्या लोकांना तो पुढें केव्हांतरी पुन्हां गांठतो. दोनदां झाला असल्यास तिसऱ्यांदां होण्याचा संभव आणखी वाढतो, व तीनदां झालेल्यास चौथ्याची भीति त्याहूनही मोठी असते. दुसरी गोष्ट अशी, कीं पहिल्या वेळीं बहुधा मोठा धक्का लागतो. पुढच्या खेपांस लहानसा पुरतो. माझी नोंदवहीची चूक हें याचेंच उदाहरण. असें कां व्हावें? बैलगाडीची चाकोरी आपल्यापैकीं वडीलधाऱ्यांनीं पाहिली आहे. कच्च्या रस्त्यावर एकदां खोल चाकोरी पडली, कीं पुढच्या गाडीचें चाक जरासें कडेला गेलें तरी आपोआप तींत उतरतें. मनाचेंही तसेंच. आजारांत मनुष्य महिनोन् महिने 'मी वाईट, जग वाईट, पुढें कांहीं चांगलें होणें नाहीं' हें घोकीत असतो. आजार बरा होतो, पण चाकोरी बुजत नाहीं. पुढें साधा थकवा आला, साधी उदासी आली, तरी मनाचें चाक जुन्या वाटेनें घरंगळूं लागतें.

ही चाकोरी ओळखण्याची विद्या गेल्या साठ-सत्तर वर्षांत वाढली. अमेरिकेंतील फिलाडेल्फिया येथील डॉ. ॲरन बेक यांनीं १९६० नंतरच्या दशकांत असें दाखवून दिलें, कीं विषादग्रस्त मनुष्याच्या मनांत कांहीं ठराविक विचार आपोआप उमटतात, इतके झटकन् कीं त्याला ते विचार न वाटतां सत्यच वाटतात. बेक यांनीं रोग्याला त्या विचारांची नोंद करावयास लावलें, आणि वकील जसा साक्षीदाराची उलटतपासणी करतो तशी त्यांची तपासणी करावयास शिकविलें. हे बेक २०२१ सालीं शंभर वर्षांचे होऊन वारले. त्यांच्या पद्धतीचा एक विशेष पुढें ध्यानांत आला: उपचार संपल्यावरही त्याचा गुण कांहीं काळ टिकून राहतो, कारण रोगी कांहींतरी शिकून जातो. गोळी जोंपर्यंत घ्यावी तोंपर्यंत काम करते. शिकलेलें मात्र बरोबर राहतें.

इटलींतील बोलोन्या येथील डॉ. जोव्हानी फावा यांनीं १९९८ सालीं एक लहानसा पण लक्षांत ठेवण्याजोगा प्रयोग प्रसिद्ध केला. पुन्हां पुन्हां विषाद झालेले, औषधानें सुधारलेले असे चाळीस रोगी त्यांनीं घेतले. निम्म्यांना नुसती नेहमींची देखरेख ठेवली. निम्म्यांना, बरें वाटूं लागल्यावर, उरलेल्या बारीकसारीक लक्षणांवर बोलण्याचा उपचार दिला. दोन वर्षांत पहिल्या गटांतील शेंकडा ८० जणांना रोग पुन्हां झाला. दुसऱ्या गटांतील शेंकडा २५ जणांना. चाळीस ही संख्या थोडी आहे, हें मी मान्य करतों. पण तेथला क्रम पाहण्याजोगा आहे. बोलणें सुरू झालें तें रोगी बरा होऊं लागल्यावर.

त्याच सुमारास केंब्रिजचे जॉन टीसडेल, वेल्समधील बँगोरचे मार्क विल्यम्स व कॅनडांतील टोरोंटोचे झिंडेल सीगल या तिघांनीं खास पुनरागमन टाळण्यासाठींच आठ आठवड्यांचा एक अभ्यासक्रम रचला. विल्यम्स हे अँग्लिकन पंथाचे दीक्षित धर्मगुरुही आहेत. यांत बरे झालेले दहाबारा लोक आठवड्यांतून एकदां एकत्र बसतात. श्वासाकडे, शरीराकडे, मनांत येणाऱ्या विचाराकडे शांतपणें अवधान देण्यास शिकतात, आणि 'हा विचार आहे, हा निकाल नव्हे' असें ओळखण्याचा रोज घरीं सराव करतात. अवधानाची ही रीत बौद्ध ध्यानपरंपरेंतून आली म्हणून कोणी बिचकूं नये. या वर्गांत कोणताही धर्ममताचा उपदेश नसतो. २००० सालीं त्यांनीं १४५ जणांवरील निष्कर्ष प्रसिद्ध केला. ज्यांना पूर्वीं तीन वा अधिक वेळां विषाद झाला होता, त्यांपैकीं नुसता नेहमींचा उपचार घेणाऱ्या शेंकडा ६६ जणांना साठ आठवड्यांत तो पुन्हां झाला. हा अभ्यासक्रम केलेल्यांत हें प्रमाण शेंकडा ३७ होतें. ज्यांना दोनदांच झाला होता त्यांना मात्र या अभ्यासक्रमाचा फायदा दिसला नाहीं. हेंही सांगितलें पाहिजे, कारण अर्धें सत्य सांगून कोणाचें भलें होत नसतें.

पुढें २०१५ सालीं इंग्लंडांतील ४२४ रोग्यांचा मोठा प्रयोग प्रसिद्ध झाला. निम्म्यांनीं गोळ्या चालूं ठेवल्या. निम्म्यांनीं हा अभ्यासक्रम केला व डॉक्टरांच्या देखरेखीखालीं गोळ्या कमी करण्याचा वा थांबविण्याचा यत्न केला. दोन वर्षांत गोळ्यांच्या गटांतील शेंकडा ४७ व अभ्यासक्रमाच्या गटांतील शेंकडा ४४ जणांना रोग परत झाला. म्हणजे फरक असा कांहीं पडला नाहीं. याचा अर्थ 'गोळ्या फेंकून द्या' असा नव्हे! अर्थ एवढाच, कीं ज्याला कांहीं कारणानें गोळ्या दीर्घकाळ घेवत नाहींत, त्याच्यापुढें दुसरीही एक वाट आहे, आणि त्या वाटेनें डॉक्टरांचा हात धरून जावें.

कोणी म्हणेल, फादर, हीं सारीं विलायतेंतील कौतुकें. आमच्या वाडींतल्या माणसाला तीं कोण देणार? त्यासाठीं आपण शेजारच्या गोव्याकडे पाहूं. तेथें १९९६ सालीं स्थापन झालेल्या 'संगाथ' या संस्थेनें असें केलें, कीं ज्यांना मानसोपचाराचें कोणतेंही पूर्वशिक्षण नव्हतें अशा सामान्य स्त्रीपुरुषांना निवडून तयार केलें, व त्यांना सरकारी प्राथमिक आरोग्यकेंद्रांत बसविलें. सहा ते आठ बैठकी. कधीं केंद्रांत, कधीं रोग्याच्या घरीं. त्यांतलें मुख्य सूत्र साधें होतें: मन लागेल तेव्हां काम करूं असें न म्हणतां, थोडें काम करावें म्हणजे मन लागूं लागेल. २०१७ सालीं याचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. सुमारें पांचशें रोग्यांपैकीं ज्यांना या बैठकी मिळाल्या त्यांतील शेंकडा ६४ जण तीन महिन्यांत सावरले. ज्यांना मिळाल्या नाहींत त्यांतील शेंकडा ३९. वर्षाअखेरीसही हा फरक बराचसा टिकून होता. हा प्रयोग आजारी लोकांवरचा होता, बरे झालेल्यांवरचा नव्हे. तरी त्यावरून एक गोष्ट सिद्ध होते. नीट शिकविलें तर आपल्यासारखी माणसें आपल्यासारख्यांना आपल्या भाषेंत हा उपचार देऊं शकतात.

आतां त्या खोलींत घडतें काय, हें सांगतों. कारण पुष्कळांना तेथें आपल्या लहानपणच्या गोष्टी उकरून काढतात किंवा गोड शब्दांत समजूत घालतात असें वाटतें. माझ्या बाबतींत तसें कांहीं झालें नाहीं. पहिले कांहीं आठवडे बाईंनीं मला वही दिली व दिवसाचे तास लिहून आणावयास सांगितलें. कोणत्या वेळीं मन अधिक खालीं गेलें, त्या वेळीं मनांत कोणतें वाक्य होतें, मग मीं काय केलें. 'मी निरुपयोगी धर्मगुरु आहें' हें वाक्य त्या वहींत इतक्या वेळां आलें, कीं अखेरीस मलाच त्याची लाज वाटली. तेव्हां बाई म्हणाल्या, "फादर, या आठवड्यांत आपण किती आजाऱ्यांना भेटलांत?" मीं सांगितलें, सात. "त्यांपैकीं किती जणांनीं आपल्याला परत पाठविलें?" एकानेंही नाहीं. त्या पुढें कांहीं बोलल्या नाहींत. वहींत त्या वाक्यासमोर मला तो सात आंकडा लिहावयास सांगितला.

शेवटच्या चार भेटींत आम्ही एक कागद तयार केला. तो आजही माझ्या प्रार्थनापुस्तकांत आहे. त्यावर चार मथळे आहेत. पहिला, माझ्या दुखण्याच्या पहिल्या खुणा: पहाटे तीनला जाग येणें, फोन वाजला तरी न उचलणें, स्तोत्रें वाचून होतात पण एकही ओळ मनांत उतरत नाहीं, आजाऱ्यांच्या भेटी 'उद्यां' वर ढकलणें. दुसरा, कोणत्या प्रसंगीं विशेष जपावें: आईचा स्मृतिदिन, नाताळानंतरचा आठवडा, कोणी चारचौघांत दोष दिला तर. तिसरा, खुणा दिसल्या कीं काय करावें: झोंपेची वेळ न चुकविणें, रोज अर्धा तास वाडींतून चालणें, आजाऱ्याची एक तरी भेट त्या दिवशींच घेणें, मनांतील वाक्य वहींत लिहून तपासणें, आणि दोन आठवड्यांत उतार न पडल्यास डॉक्टरांकडे जाणें. चौथा, कोणाला सांगावें: माझी बहीण व माझे सहायक धर्मगुरु. या दोघांजवळ त्या कागदाची प्रत आहे. गेल्या नऊ वर्षांत दोनदां, मला कळण्याआधीं माझ्या बहिणीला कळलें. फोनवर तिनें एवढेंच विचारलें, "दादा, कागद काढलास का?"

हें सारें बरें असतां करावयाचें आहे, हें मी पुन्हां सांगतों. कारण याच ठिकाणीं आपण सर्व चुकतों. आपल्या वाड्यांत बावखलें आहेत. बावखल उपसतात तें कधीं? पावसाळ्यांत नव्हे. वैशाखांत पाणी आटतें, तळ दिसूं लागतो, तेव्हां गाळ काढतात व कडा बांधून घेतात. पाणी चढल्यावर हातांत घमेलें घेऊन कोणी उतरत नाहीं. संत इग्नाती यांनीं आपल्या 'आध्यात्मिक साधने'त नेमका हाच नियम घातला आहे: मन समाधानांत असतां पुढें येणाऱ्या उदासींत आपण कसें वागूं याचा विचार करून ठेवावा, व त्या वेळेसाठीं बळ साठवावें. दुसऱ्या एका नियमांत ते म्हणतात, कीं शत्रूला गुप्तता प्रिय असते, म्हणून मनांतली गोष्ट जाणत्या माणसाजवळ उघड करावी. इग्नातींना मानरेसा येथें १५२२ सालीं मनाच्या छळापायीं जीव देण्याचेही विचार आले होते. त्यांचे नियम सुखासनावर बसून लिहिलेले नाहींत. आध्यात्मिक उदासी व विषादरोग या दोन गोष्टी एकच आहेत असें मात्र मी म्हणत नाहीं. रोगाला वैद्य लागतो. तथापि, चांगल्या दिवसांत वाईट दिवसांची तजवीज करणें हें शहाणपण दोहोंकडे सारखेंच लागूं पडतें.

येथें मला माझा एक अपराध सांगावयाचा आहे. मी दीक्षा घेऊन चारच वर्षें झालीं होतीं. एक शिक्षिकाबाई विषादांतून नुकत्याच बऱ्या होऊन मला भेटावयास आल्या. ही गोष्ट कुमसारांतली नव्हे, व त्या बाईंच्याच परवानगीनें मी ती सांगत आहें. बाई म्हणाल्या, "फादर, डॉक्टर म्हणतात, बरें वाटत असलें तरी आणखी सहा महिने बोलावयास येत जा. जाऊं ना?" मी म्हणालों, "बाई, आतां तुम्ही बऱ्या आहां. बोलायचें तें देवाशीं बोला, रोज जपमाळ म्हणा." बाईंनीं माझें ऐकलें. पुढच्या पावसाळ्यांत दुखणें परत आलें. त्यांची नोकरी सुटली, आणि धाकट्या मुलीला दोन वर्षें मामाच्या घरीं राहावें लागलें. आज बाई बऱ्या आहेत. त्यांनीं मला क्षमा केली आहे. मुलीची ती दोन वर्षें मात्र कोणालाच परत देतां येत नाहींत. मीं प्रार्थना करा म्हटलें यांत चूक नव्हती. जाऊं नका असें सुचविलें ही चूक होती.

म्हणून धर्मगुरु या नात्यानें स्पष्ट सांगतों. कुमसार हा पापासाठीं आहे. विषाद हें पाप नव्हे. या रोगाचा मनुष्य कित्येकदां जें पाप त्यानें केलेंच नाहीं त्याचें निवेदन करावयास येतो, आणि क्षमा मिळूनही हलका होत नाहीं, कारण ओझें पापाचें नसून रोगाचें असतें. अशा वेळीं धर्मगुरूनें त्याला आशीर्वाद द्यावा, पण तेवढ्यावर न थांबतां वैद्याकडे धाडावें. एलीया संदेष्टा रानांत झुडुपाखालीं बसून मरण मागत होता, तेव्हां देवानें त्याला प्रथम रागें भरलें नाहीं. दूतानें त्याला भाकर दिली, पाणी दिलें, झोंपूं दिलें. पुढें डोंगरावर देवानें त्याला एकच प्रश्न दोनदां विचारून दोन्ही वेळां त्याचें गाऱ्हाणें ऐकून घेतलें, आणि शेवटीं अलीशासारखा सोबती मिळवून दिला. अन्न, झोंप, बोलणें, सोबत. श्रद्धेचा हा मार्गही देवाचाच आहे.

बोलण्याच्या उपचाराच्याही मर्यादा आहेत. तो सर्वांना लागूं पडतोच असें नाहीं. दुखणें तीव्र असतां औषध लागतेंच, व तें डॉक्टरांच्या सल्ल्यावांचून एक दिवसही बंद करूं नये. माझी चूक कोणी करूं नका. बोलणाराही शिकलेला असावा. नुसता कान चांगला असून भागत नाहीं. आणि ज्याच्या मनांत जीव देण्याचे विचार येत असतील, त्याला पुढच्या गुरुवारची वाट पाहूं देऊं नका. त्याला एकटें न सोडतां त्याच दिवशीं रुग्णालयांत न्या. भारत सरकारनें २०२२ सालीं सुरू केलेल्या टेलि-मानस या सेवेचा क्रमांक १४४१६ आहे. तेथें मराठींतही बोलतां येतें, पैसे पडत नाहींत. हा क्रमांक घरांत भिंतीवरील दिनदर्शिकेवर लिहून ठेवा.

आतां आपणांपाशीं तीन मागण्या करून भाषण आटोपतों.

पहिली मागणी कुटुंबांपाशीं. घरांतील माणूस बरा झाला म्हणजे 'झालें एकदांचें' असें म्हणून त्याला गुरुवारच्या भेटीला जाण्यापासून परावृत्त करूं नका. साखरेचा रोगी बरा दिसला म्हणून आपण त्याची तपासणी बंद करीत नाहीं. 'एवढें काय मनाला लावून घ्यायचें', 'तुझ्यापेक्षां दुःखी लोक आहेत' हीं वाक्यें ओठांवर आलीं तर गिळून टाका. त्याच्या खुणांचा कागद त्याच्याबरोबर बसून लिहा, व त्याची एक प्रत आपल्याजवळ ठेवा. मात्र पाळत ठेवूं नका. प्रत्येक गप्प संध्याकाळ म्हणजे रोग नव्हे. मनुष्याला साधें उदास होण्याचाही हक्क आहे.

दुसरी मागणी जे या दुखण्यांतून बाहेर आले आहेत त्यांच्यापाशीं. तुम्हांला लाजण्याचें कारण नाहीं. तुमचा धर्मगुरु तुमच्याच रांगेंत उभा आहे. आज तुम्हांला बरें वाटत आहे, हाच तो वैशाख महिना. आपल्या डॉक्टरांना विचारा: पुन्हां होऊं नये म्हणून मीं कोणाशीं व किती दिवस बोलावें?

तिसरी मागणी उत्सवमंडळापाशीं, व ती करतांना मला थोडा संकोच वाटतो. महोत्सवाच्या निधींतून प्रवेशद्वारावर नवी कमान बांधावी असा ठराव आपल्यापुढें आहे. कमान सुंदरच होईल. परंतु धर्मगुरुनिवासाच्या मागची जुनी खोली रिकामी आहे. तिला वेगळें दार काढतां येईल, म्हणजे येणाऱ्याला चर्चच्या अंगणांतून सर्वांच्या नजरेखालून जावें लागणार नाहीं. तेथें शनिवारीं एखाद्या शिकलेल्या समुपदेशकास बोलवावें, त्याचें मानधन निधींतून द्यावें, आणि आपल्यांतील दोन स्त्रिया व दोन पुरुष यांना प्राथमिक शिक्षणासाठीं पाठवावें. जात, धर्म, वर्गणी कांहीं विचारूं नये. खर्चाचा अंदाज मीं चिटणिसांकडे दिला आहे. तो कमानीच्या खर्चाच्या निम्म्याहून कमी आहे. मंडळानें कमानच बांधावी असें ठरविलें, तर मी आनंदानें तिला आशीर्वाद देईन. मात्र मत देण्यापूर्वीं त्या शिक्षिकाबाईंच्या मुलीला क्षणभर आठवा. ती मामाच्या घरीं राहिली तेव्हां सात वर्षांची होती.

 आपल्या धर्मग्रामाच्या पुढील पन्नास वर्षांवर प्रभूची कृपा असो, आणि आपल्यापैकीं कोणालाही आपल्या दुखण्यासह एकट्यानें रात्र काढावी न लागो. इतकें बोलून मी आपली रजा घेतों.